मोठ्या घरांचे मागचे दार

सबाह अल-सालेम या आमच्या वस्तीत शंभर वर्षांचे घर शोधून सापडायचे नाही. १९६५ ते १९७७ या काळात कुवेतचे अमीर असलेल्या शेख सबाह अल-सालेम यांचे नाव तिला मिळाले, म्हणजे वस्तीचे नावच आमच्यातल्या ज्येष्ठांपेक्षा वयाने लहान. सरळ रेषेतले रस्ते, क्रमांकांचे ब्लॉक, दगडी किंवा रंगवलेल्या दर्शनी भिंती, दारात दोन-तीन मोटारी. घराला पुढे एक मोठे दार असते, दीवानियाचे. संध्याकाळी तिथे दिवे लागतात आणि पाहुणे येतात. आणखी एक दार असते, बाजूला किंवा मागे. त्यातून भाजी, गॅसची टाकी आणि कामाची माणसे आत जातात. मॉरिशसच्या मळ्यांवरच्या मराठी घरांतून येऊन इथे नोकरी-संसार करणाऱ्या आम्हा मंडळींना हे दुसरे दार लगेच ओळखू येते. या लेखाचा विषय तसा मोठी घरे आणि त्यांची झालेली संग्रहालये हा आहे. पण आम्ही ती घरे मागच्या दाराने पाहणार आहोत, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

कुवेतमध्ये जुनी घरे इतकी थोडी का उरली, हे आधी पाहू. जुने कुवेत म्हणजे समुद्राला टेकलेले, मातीच्या भिंतीने वेढलेले शहर. शेवटची तटबंदी १९२०मध्ये, हल्ल्याच्या भीतीने, लोकांनी घाईघाईने उभी केली. १९४६मध्ये तेलाची पहिली निर्यात झाली आणि शहराचे दिवस पालटले. १९५२मध्ये इंग्रज नियोजनकारांनी नव्या शहराचा आराखडा केला. तटाच्या आतली घरे-जागा सरकारने भरपूर मोबदला देऊन विकत घेतल्या, कुटुंबे तटाबाहेरच्या नव्या उपनगरांत गेली, आणि मागे राहिलेली घरे पाडून रस्ते व कचेऱ्या झाल्या. १९५७मध्ये खुद्द तटही पाडला. वेशी तेवढ्या ठेवल्या. मोबदल्याचा पैसा हाती आलेल्या माणसाला बापाचे मातीचे घर पडताना वाईट वाटले नसेल असे नाही, पण नव्या घरात नळाला पाणी होते आणि भिंतीत गारवा देणारे यंत्र होते. जुन्या कुवेतमध्ये पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीवरून होड्यांत भरून आणावे लागे. तेव्हा त्या पाडापाडीला नावे ठेवणे आम्हाला सोपे आहे, त्यांना तसे नव्हते.

गंमत अशी, की पाडापाडीच्या त्याच वर्षी, १९५७मध्ये, कुवेतचे पहिले संग्रहालय उघडले, आणि तेही नव्या इमारतीत नव्हे तर शेख अब्दुल्ला अल-जाबिर यांच्या वाड्यात. १९७६मध्ये ते बैत अल-बद्र या एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी घराण्याच्या घरात गेले. फ्रेंच वास्तुकार मिशेल एकोशार याने आखलेली राष्ट्रीय संग्रहालयाची खास इमारत १९८३मध्ये तयार झाली. म्हणजे पहिली सव्वीस वर्षे या देशाचा इतिहास कोणाच्या तरी घरात पाहुणा म्हणून राहिला. पुढे १९९०च्या इराकी आक्रमणात नवी इमारत लुटली गेली आणि जाळली गेली. बैत अल-बद्र मात्र अजून तिच्या शेजारी उभे आहे. जवळच सदू हाउस आहे. तेही मूळचे राहते घर. आता तिथे बेदुइन बायकांचे लोकरीचे विणकाम जपले जाते. या सदू विणकामाला २०२०मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. हवल्लीतले बैत अल-उस्मान हेही एका धनिक व्यापाऱ्याचे घर, आता संग्रहालय.

बैत अल-बद्रसारखे घर नीट पाहिले तर मराठी माणसाला ते परके वाटत नाही. आपल्या वाड्याला जसे चौक, तसे या घरांना होश. पुरुषांच्या बैठकीचा होश पुढे, बायकामुलांचा आत, स्वयंपाकाचा वेगळा आणि जनावरांचा त्याहून वेगळा. रस्त्याकडची भिंत जवळजवळ आंधळी, सगळ्या खिडक्या आत उघडणाऱ्या. पुण्याच्या वाड्यात दिवाणखाना, इथे दीवानिया. शब्दाचे मूळ एकच. इमारत, मजला, हौद, हवेली हे सगळे शब्द आपण अरबीतून, बरेचसे फारसीच्या वाटेने, कधीच घरात आणून ठेवले आहेत. ज्याने वाडा बांधला त्याच्या तोंडी जितके अरबी शब्द होते तितके त्याच्या गवंड्याच्याही होते.

सामान मात्र दुरून आले. भिंती समुद्रातल्या दगडाच्या आणि मातीच्या, वर गिलावा. छताला चंदल, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी आणलेले कांदळवनातल्या झाडांचे वासे. खोल्यांची रुंदी या वाशांच्या लांबीएवढीच, म्हणून जुन्या कुवेती खोल्या लांबट आणि अरुंद. वाशांवर बांबूच्या पट्ट्या, वर चटया, वर माती. आणि दारे हिंदुस्थानच्या सागवानाची. गलबतेही मलबारच्या सागवानाचीच. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. बसऱ्याचा खजूर तिकडे जाई, आखातातले मोती तिकडेच विकले जात, आणि परत येताना लाकूड, तांदूळ, कापड, मसाला येई. १९६१पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत होता, ही गोष्ट आज इथल्या तरुणांना सांगितली तर ते हसतात.

आता आम्हाला सर्वांत जास्त वेळ जिथे घालवावासा वाटतो त्या घराकडे वळू. समुद्रकाठच्या रस्त्यावर डिक्सन हाउस आहे: पांढरे, दुमजली, लाकडी सज्जाचे. मूळ एका कुवेती व्यापाऱ्याचे घर. १९०४मध्ये कॅप्टन नॉक्स हा पहिला ब्रिटिश पोलिटिकल एजंट कुवेतला आला आणि हे घर एजन्सीचे झाले. १९२९मध्ये हॅरॉल्ड डिक्सन एजंट म्हणून इथे उतरला, बरोबर पत्नी व्हायोलेट. १९३५मध्ये एजन्सी नव्या इमारतीत गेली, १९३६मध्ये डिक्सनची मुदत संपली, तो तेल कंपनीत लागला, पण नवराबायको जुन्या घरातच राहिले. १९५९मध्ये तो वारला. बाई तिथेच. शहर भोवती पडत होते, उठत होते. व्हायोलेटबाईंनी घर सोडले नाही. वाळवंटातल्या वनस्पती त्या गोळा करीत. एका वनस्पतीला त्यांचे नावही आहे. लोक त्यांना उम्म सौद म्हणत, म्हणजे सौदची आई. १९९०चे आक्रमण झाले तेव्हा त्यांना इंग्लंडला नेले, आणि पुढच्याच वर्षी त्या तिकडे वारल्या. घर लुटले गेले. नंतर सरकारने ते दुरुस्त करून लोकांसाठी उघडले.

ही कहाणी गोड आहे आणि तशीच सांगितली जाते. आम्हाला तिच्यात आणखी एक धागा दिसतो. कुवेतमधला एजंट लंडनहून थेट नेमला जात नसे. तो हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याचा माणूस. १९१५मध्ये इथे हिंदी टपालखात्याची कचेरी उघडली, आणि १९२३पासून हिंदुस्थानच्या तिकिटांवर कुवेतचे नाव छापून ती वापरली गेली. ज्या सरकारी यंत्रणेने आमच्या पणज्या-खापरपणज्यांना मुंबई बंदरात जहाजावर चढवले, त्याच यंत्रणेची ही एक दूरची खोली.

आणि कागदही एकाच जातीचे. २३ जानेवारी १८९९ रोजी शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी गुप्त करार केला: इंग्रजांच्या परवानगीशिवाय आपली जमीन दुसऱ्या सत्तेला द्यायची नाही, दुसऱ्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही. त्याबद्दल त्यांना पंधरा हजार रुपये मिळाले. आमच्या पूर्वजांनी अंगठा उठवला तोही ‘अ‍ॅग्रीमेंट’वरच, त्याचेच गिरमिट झाले. सुरुवातीच्या काळातला मॉरिशसचा दर पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये. शेख राजा होता, आमची माणसे शेतमजूर. दोघांची बरोबरी आम्ही करीत नाही. शेखांना काय लिहिले आहे ते समजत होते आणि घासाघीसही करता येत होती. पण इंग्रजांचे राज्य या समुद्रावर कागदाने कसे चालत होते, हे डिक्सन हाउसच्या सज्जात उभे राहिले की डोक्यात येते. तिथल्या फलकांवर ते लिहिलेले नाही. फलकांवर बाईंच्या फुलांविषयी आहे, आणि फुले खरोखर सुंदर आहेत.

मोठी घरे कशावर उभी राहिली? कुवेतमध्ये उत्तर बरेचसे मोत्यांवर असे आहे, आणि मोत्यांचा धंदा उचलीवर चाले. हंगामाआधी पाणबुड्याला घरखर्चाला आगाऊ रक्कम मिळे. हंगामात मिळालेल्या मोत्यांच्या वाट्यातून ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खाती जाई. त्या कर्जापायी पाणबुड्याला दुसऱ्या नाखवाकडे जाता येत नसे. तो मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर येई आणि मुलगा बुडी मारायला उतरे. उन्हाळ्याचे चार महिने, नाकाला चिमटा, पायाला दगड, दिवसात कित्येक बुड्या. मालकाची वही, मजुराचा अंगठा, न फिटणारी बाकी, हे सगळे आम्हाला आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेले वाटते. फक्त तिथे मोत्याऐवजी ऊस होता. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि १९२९नंतरच्या मंदीने हा धंदा मोडला. तेल मिळाले नसते तर या घरांची काय गत झाली असती कोण जाणे. संग्रहालयात नाकाचा चिमटा आणि दगड काचेमागे ठेवलेला असतो. वही सहसा नसते.

आता थोडे आपल्या देशात जाऊ, म्हणजे पूर्वजांच्या देशात. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पुष्कळ. त्या रत्नागिरीत समुद्राकडे तोंड करून एक लाल रंगाचा राजवाडा आहे, थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५मध्ये पदच्युत केले आणि १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा पुरा झाला १९१०मध्ये. सहा वर्षांनी, १९१६मध्ये, तो तिथेच वारला. ज्या किनाऱ्यावरून आमची माणसे दुसऱ्यांच्या मळ्यांवर नेली गेली, त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या देशाचा राजा आणून बसवला. पाठवणारे आणि आणणारे सरकार एकच. राजाचे कुटुंब पुढे परत गेले. पण थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, लग्न करून गरिबीत राहिली, मराठीच बोलली आणि २०००मध्ये तिथेच गेली. वाडा पुढे सरकारी कामांना वापरला गेला, तिथे तंत्रनिकेतनही भरत असे, आणि आता संग्रहालय आहे. वाचकांपैकी कोणी आपले मूळ गाव शोधायला रत्नागिरीला गेले तर गाव सापडेलच असे नाही, पण थिबा पॅलेस नक्की सापडेल. तो जरूर पाहावा. परदेशात रुजलेल्या घराण्याची पुढची पिढी कोणत्या भाषेत बोलते, याचा दाखला तिथे आहे, आणि तो दाखला उलट्या दिशेने आलेला आहे.

पुण्यात वाड्यांचे नशीब आणखी वेगळे. शनिवारवाडा १८२८मध्ये जळाला, जोती आणि तट राहिले. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा १८०८च्या सुमारास राहता झाला; पेशवाई दहाच वर्षांत बुडाली, आणि १८२१मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा घातली. १८७९मध्ये त्याला आग लावली गेली, लोकांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभारायला हातभार लावला. पुढे शाळा, नगरपालिका, टपालकचेरी असे सगळे त्याने पाहिले. त्याच्या दर्शनी सुरूच्या खांबांपुढे थांबलेला माणूस आम्ही अजून कोरडा राहिलेला पाहिला नाही. पण पुण्यात आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते केळकर संग्रहालय.

दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणी गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रह सुरू ठेवला आणि १९७५मध्ये वीस हजारांच्या आसपास वस्तू महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केल्या. काय वस्तू? तलवारीही आहेत, आणि कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानीच्या महालाचा भागही आहे. पण खरी श्रीमंती अडकित्त्यांची, दिव्यांची, कुलपांची, फण्यांची, पाय घासायच्या वज्रींची, शेवयांच्या आणि खवणीच्या प्रकारांची. कोणा बाईने रोज हातात धरलेली खवणी. सरदारांच्या वाड्यांतून त्यांना सरदारी वस्तू सहज मिळाल्या असत्या; केळकरांनी स्वयंपाकघरात हात घातला. संग्रहालय असे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरदार हा शब्द आला म्हणून एक गंमत सांगतो. मराठी इतिहासात सरदार म्हणजे घोड्यावरचा, वाड्यातला. मॉरिशसच्या मळ्यावर सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. शाळेत मराठी पुस्तकात ‘सरदारांचा वाडा’ असे आले की आमच्या पोरांना उसाच्या कडेची मुकादमाची पत्र्याची खोली दिसायची.

वाडा आम्हाला माहीत होता तो ‘ग्रां काज’, म्हणजे मळ्यावरचे मोठे घर. मोका येथील युरेका हे घर १८३०च्या सुमाराचे; १८५६मध्ये लक्लेझियो घराण्याने ते घेतले, आणि २००८मध्ये साहित्याचे नोबेल मिळालेले लेखक ल क्लेझियो याच घराण्यातले. घराला १०९ दारे आहेत असे सांगतात. आता तिकीट काढून आत जाता येते. मापूजवळचा लाबुर्दोने हा वाडा १८५९मध्ये पुरा झाला, दुरुस्त होऊन २०१०मध्ये लोकांसाठी उघडला. माहेबुर्गचे इतिहास संग्रहालयही एका जुन्या फ्रेंच घरात आहे. १८१०च्या ग्रां पोरच्या लढाईत जखमी झालेले इंग्रज आणि फ्रेंच दोन्ही सेनापती त्या घरात शेजारी-शेजारी उपचार घेत होते, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. त्यांना पाणी कोणी दिले, चादरी कोणी धुतल्या हे कोणी सांगत नाही. १८१० साली ते काम गुलामांचे असणार. गुलामगिरी १८३५मध्ये गेली आणि तिची जागा आम्ही भरली.

आमच्यात यावरून वाद आहेत. काही म्हणतात, त्या घरांत पायही ठेवू नये; ज्या ओसरीवर आजोबांना चपला काढून उभे राहावे लागले तिथे तिकीट काढून व्हॅनिलाचा चहा प्यायचा कशाला? काही म्हणतात, ते लाकूड आणि त्या फरशा आमच्याच हातांनी घासलेल्या आहेत, मग जायचे आणि ऐटीत पुढच्या दाराने जायचे. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढणार नाही. मोठे घर पाडल्याने त्यात राबलेल्यांचे नाव वर येत नाही. कुवेतमध्ये घरे गेली तेव्हा पाणबुड्यांच्या आणि पाणक्यांच्या खोल्याही गेल्याच. घर उभे असले तर निदान विचारता येते, की स्वयंपाकघर कुठे होते आणि त्यात कोण झोपत असे.

आणि विचारायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. सबाह अल-सालेममधल्या घरांत, आमच्या स्वतःच्याही काही घरांत, कामाला राहणाऱ्या बाया आहेत: आंध्रातल्या, श्रीलंकेतल्या, फिलिपिन्समधल्या, इथिओपियातल्या. त्यांचेही करार आहेत, मुदती आहेत, एजंट आहेत. २०१५मध्ये कुवेतने घरकामगारांसाठी ६८ क्रमांकाचा कायदा केला. आठवड्याची सुट्टी, कामाचे तास, पासपोर्ट मालकाने ठेवून न घेणे अशा गोष्टी त्यात आल्या. कायदा चांगला आहे, तो प्रत्येक घराच्या मागच्या दारापर्यंत पोहोचतो का, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. उद्या इथल्या एखाद्या घराचे संग्रहालय झाले तर गच्चीवरची ती खोली दाखवतील का, हा प्रश्न आमच्या एका तरुण सभासद मुलीने बैठकीत विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग चहा आला.

आमच्या स्वतःच्या वारशाचे एकच घर जगाने मान्य केले आहे, आणि ते घर नव्हे, धक्का आहे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. बांधकाम १८४९मध्ये सुरू झाले, २००६मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. समुद्रातून वर येणाऱ्या त्याच्या सोळा पायऱ्या चढून लाखो माणसे बेटावर आली. तिथे सज्जा नाही, झुंबर नाही. शेड, न्हाणीघर, संडास, कारकुनाची खोली. मागचे दार तेवढे आहे आणि पुढचे नाहीच.

पण कागद आहेत. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर दिले. १८६०च्या दशकापासून पुढच्या काही जणांची छायाचित्रेही आहेत. नाव इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेले, त्यामुळे नुसत्या आडनावावर शोधत बसू नका. आपली आजची पुष्कळ आडनावे म्हणजे पहिल्या आलेल्या माणसाचे वाकडे लिहिलेले पाळण्यातले नाव. क्रमांक मिळाला तर काम झाले. तो जन्मदाखल्यावर, लग्नाच्या नोंदीवर किंवा घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत दडलेला असतो. मळ्याचे नाव कळले की त्या मळ्यावरचे ग्रां काज आज कोणाकडे आहे, पडले की संग्रहालय झाले, हेही लिहून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपल्यापैकी कोण त्या घरात कामाला जात असे, कोणत्या दाराने, आणि तिला तिथे कोणत्या नावाने हाक मारीत.